शंभराची घडी

मनूनं वाटी उपडी ठेवून गोल काढला होता. त्यात दोन उभ्या रेघा मारून तीन भाग केले होते, मधला भाग हिरव्या खडूनं रंगवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘एक तृतीयांश’. त्यावर लाल शाईची फुली. का चुकलं, ते कुणी लिहिलेलं नव्हतं.

“तीन भाग केल्यात की मी,” ती म्हणाली. “त्यातला एक रंगवला. चुकलं कुठं, सांग.”

मधला भाग कडेच्या दोन्हींपेक्षा चांगला ढब्बू होता. मी म्हटलं, भाग सारखे पाहिजेत. “मग तू करून दाखव सारखे.” मी वाटी घेतली, पेन्सिल घेतली आणि लक्षात आलं की गोलाचे तीन सारखे भाग हातानं मलाही जमत नाहीत. चार जमतात, आठ जमतात. तीन म्हटलं की हात अडखळतो. मग मी आतून भाकरी आणली. मी केलेले तीन तुकडे मनूनं नीट बघितले, त्यातला सगळ्यात मोठा उचलला, पिठल्याला लावला आणि गणित संपवलं.

मनू माझ्या भावाची मुलगी. पाचवीत आहे. घर आमचं शुक्रवार पेठेतलं, जुनं, खाली दोन खोल्या आणि वर दोन. ती ‘मी करतो, मी जातो’ असंच बोलते. आमच्या कोल्हापुरात बायका-मुली असंच बोलतात, मीही घरात तशीच बोलते. लिहायला बसलं की तेवढी पुस्तकी होते.

हे सगळं अण्णा, म्हणजे माझे वडील, कॉटवरून बघत होते. वय ८२. ऐकू कमी येतं, पण दुसऱ्याचं चुकत असलं की बरोबर ऐकू येतं. म्हणाले, “ते गोल ठेव बाजूला. गोलात काय ठेवलंय? रद्दी आण इकडं.”

अण्णांचं लक्ष्मीपुरीत किराणा मालाचं दुकान होतं. त्याआधी त्यांच्या वडिलांचं. प्लॅस्टिकच्या पिशव्या यायच्या आधीच्या काळात किराणा दुकान म्हणजे अर्धं कागदाचं काम. डाळ कागदात, साखर कागदात, हळद-तिखट कागदात, गुळाच्या रव्यातून फोडलेला खडाही कागदात. दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं तेव्हा बसून रद्दीचे तुकडे करून ठेवायचे. लहानपणी मी ते काम पुष्कळ केलं आहे. त्यात आपण काही शिकतोय असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

अण्णांनी पेपरचं अख्खं पान मांडीवर पसरलं. घडी घालायची त्यांची एक पद्धत आहे. आधी दोन कोपरे एकमेकांवर बसवायचे, चिमटीत धरून ठेवायचे, आणि मग मधोमध अंगठा ठेवून तिथून बाहेरच्या बाजूला नख ओढत न्यायचं. मनू कडेपासून दाबत येते, म्हणून तिची घडी मध्ये फुगते आणि तिरकी बसते. मी तिला हे कधी सांगितलं नव्हतं, कारण आपण घडी कशी घालतो ते मला माहीतच नव्हतं. हात घालत होता.

“हे पान म्हंजे एक शेर,” अण्णा म्हणाले. एक घडी. “हा अर्धा शेर.” दुसरी घडी. “पाव शेर.” तिसरी. “नवटाक.” चौथी. “छटाक. उलगड आता, मोज.”

मनूनं उलगडून घड्यांचे चौकोन मोजले. सोळा. सोळा छटाकांचा शेर. मी हे पाठ केलेलं होतं, पण चार घड्या म्हणजे सोळा आणि म्हणून शेराला सोळा छटाक, हे डोळ्यांसमोर पहिल्यांदा आलं. त्या काळच्या वाण्याला तराजू आणि एक वजन दिलं की बाकीची वजनं तो माल निम्मा-निम्मा करत स्वतः काढू शकत होता. दोन्ही पारड्यांत सारखी डाळ घातली की झाले दोन अर्धे. त्यातला एक अर्धा परत दोन पारड्यांत वाटला की पाव. तराजू हेही घडी घालायचंच यंत्र, फक्त कागदाच्या जागी डाळ.

अण्णांना मग जोर चढला. “रुपयाचं ऐक.” पान परत एकेक घडी घालत त्यांनी म्हणायला सुरुवात केली. रुपया. आठ आणे, म्हणजे अधेली. चार आणे, पावली. दोन आणे, चवली. मग आणा. मग अर्धा आणा. मग पैसा. सहा घड्या. सहाव्या घडीला तो कागद पुडीच्या तोंडाएवढा लहान आणि पुठ्ठ्यासारखा ताठ झाला होता. सहा घड्यांचे थर ६४, आणि जुन्या रुपयाचे पैसेही ६४.

“अजून घाल,” मनू म्हणाली. सातवी घडी घालताना अण्णांच्या बोटांना ती ऐकेना. मी प्रयत्न केला. सातवी कशीबशी बसली, आठवी नाही. हे सगळ्या जगाचं होतं. अमेरिकेत ब्रिटनी गॅलिव्हन नावाच्या शाळकरी मुलीनं २००२ मध्ये टॉयलेट पेपरची भलीमोठी लांब पट्टी घेऊन एकाच दिशेनं १२ घड्या घालून दाखवल्या, तीही गणित मांडून. पण त्यासाठी तिला किलोमीटरच्या वर लांब कागद लागला. हातातल्या पेपरचा रुपया पैशापाशीच संपतो.

“आणि पै?” मी विचारलं. पै हा शब्द मी फक्त म्हणींतून ऐकलेला. अण्णा थांबले. “पैशाला तीन पै,” म्हणाले. “रुपयाला १९२.”

म्हणजे तिथंही तीन. सहा घड्या घालत एवढं खाली यायचं आणि तळाशी तीन बसलेला. पैशाचे तीन भाग घडीनं कसे करणार? पण मनूच्या फुलीकडं वळायला अण्णांना अजून अवकाश होता. त्यांना १९५७ सांगायचं होतं.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले. अण्णा तेव्हा पंधरा वर्षांचे, शाळा सुटली की गल्ल्यावर बसायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे सगळे पाढे त्यांना तोंडपाठ. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. मला एवढंच माहीत की तो असतो. “एक पाव पाव, दोन पाव निम्मा, तीन पाव पाऊण, चार पाव एक,” हे ते अजूनही देवापुढं म्हणावं तसं म्हणतात. आणि एका सकाळी गल्ल्यात शंभर आले.

“शंभराची घडी घाल,” ते मनूला म्हणाले. पन्नास. परत घाल. पंचवीस. परत?

“साडेबारा,” मनू म्हणाली.

“साडेबाराचं नाणं कुठाय?”

तिथं सगळी भांडणं होती म्हणे. आठ आणे म्हणजे पन्नास, चार आणे म्हणजे पंचवीस, इथपर्यंत कुणाचं काही म्हणणं नव्हतं. दोन आण्यांच्या मालाला गिऱ्हाईक बारा देणार आणि दुकानदार तेरा मागणार. आण्याचे सव्वासहा होतात, देणार सहा. वरचा पाव नया पैसा कुणाच्या खिशात गेला, यावर आजोबांच्या दुकानासमोर लोक तासतासभर उभे राहायचे. मग वजनंही बदलली. कायदा १९५६ चाच होता, पण किलो दुकानात यायला आणि लोकांच्या तोंडी बसायला वेळ लागला. माझी आजी शेवटपर्यंत ‘नवटाकभर मोहरी’च आणायला सांगायची आणि अण्णा मुकाट्यानं शंभर ग्रॅमवर थोडी जास्त घालून द्यायचे.

दशमान पद्धत वाईट होती असं मी म्हणत नाही. शंभरावर हिशोब सोपा होतो, हे अण्णांनाही मान्य आहे. पण दहा ही बोटांची संख्या आहे. कागदाची संख्या दोन. कागदाला अर्धं करणं हे एकच काम मनापासून येतं, आणि मराठीत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे जे नेमके छोटे शब्द आहेत ते सगळे त्याच कामातून निघालेले वाटतात. पाऊण म्हणजे घडीच्या चार भागांतला एक मागं सारलेला. तीनला दुकानात असा शब्दच नव्हता. ‘तिसरा हिस्सा’ म्हणायचं, दोन शब्दांत. एक पंचमांशाचं तर बोलूच नका.

दुसऱ्या दिवशी मनू शाळेतून रंगीत चौरस कागदांचं पाकीट घेऊन आली, हस्तकलेचं. तिला एक खोका करायचा होता आणि त्याची पहिली पायरी होती: चारही कोपरे मध्यबिंदूवर आणून दुमडा. तिनं दुमडले. पुढं एक लहान चौरस तयार झाला, मूळच्या चौरसाच्या मानानं तिरका वळलेला.

मी सहज विचारलं, “हा केवढा आहे? मोठ्याच्या कितवा भाग?”

“पाव असंल,” ती म्हणाली.

“अर्धा आहे.”

“अर्धा कसा? अर्धा लांबट असतोय!”

या वाक्यावर मी दोन दिवस विचार करत होते. तिच्या डोक्यात अर्ध्याला एक चेहरा होता. पुस्तकातल्या चित्रांनी तो दिला होता: आयत मधोमध चिरला की दोन लांबट तुकडे, ते अर्धे. चौरस अर्धा असू शकतो हे तिला पटेना. मी तिला काही समजावलं नाही, फक्त दुमडलेले चार त्रिकोण दाखवले. ते चार त्रिकोण मध्ये एकमेकांना भिडून त्या लहान चौरसावर बरोबर पसरले होते, कुठं फट नाही, कुठं एकावर एक नाही. म्हणजे खाली एक थर आणि वर तेवढाच दुसरा थर. तिनं कोपरा उचलून खाली बघितलं, परत ठेवला, परत उचलला. मग काही न बोलता कोपरे पुन्हा मध्यावर दुमडले. “हा पाव.” परत दुमडले. “हा... नवटाक!” आणि आजोबांच्या खोलीकडं पळाली.

मद्रासमध्ये १८९३ साली टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांमधून भूमिती मांडणारं एक पुस्तक काढलं. ती कल्पना त्यांना बालवाडीच्या मुलांसाठी मिळणाऱ्या रंगीत चौरसांच्या संचावरून सुचली, असं त्यांनी प्रस्तावनेत सांगितलं आहे. हातात आहे तो मुलांचा हस्तकलेचा कागद, आणि त्यातून चौरस, पंचकोन, अर्धा-पाव-आठवा अशी अनंत चालणारी बेरीज. चौरसात चौरस, त्यात चौरस. दुमडलेले सगळे कोपरे मिळून शेवटी अख्खा कागद होतो, आणि तरी मध्ये कायम एक बारका चौरस शिल्लक राहतो. मनूचा सहाव्या वेळी नखाएवढा राहिला होता आणि उघडायला मागत नव्हता.

एक सांगायचं राहिलं. रद्दी हाताळणाऱ्याला कागदाचा उभा-आडवा कळतो. पेपर वरून खाली फाडला तर पट्टीनं कापल्यासारखा सरळ फाटतो. आडवा फाडायला जा, वाटेल तसा वाकडा जातो. कागदातले तंतू यंत्रावर कागद धावतो त्या दिशेला झोपलेले असतात. घडीही तंतूंच्या बाजूनं गुळगुळीत बसते, विरुद्ध घातली की कण्हते. आम्ही दुकानात आडवी फाड कधीच करत नसू, तिथं सुरी.

आता तीन.

तीनाची घडी रोज घालतो आपण. चिठ्ठी लांबट पाकिटात घालताना कागद तीन पदरी करतो, साडी तीन पदरी करतो. पण ती अंदाजानं. मी मनूला दिमाखात करून दाखवायला गेले आणि शेवटच्या पदराला बोटभर कागद उरला. अण्णांची युक्ती जरा बरी: घडी पक्की न करता कागद सैल गुंडाळायचा, दोन्ही टोकं आत-बाहेर सरकवत तिन्ही पदर जुळेपर्यंत, आणि मगच दाबायचं. पावत्यांची ते अशीच घडी घालायचे. मनूला मात्र ते पटलं नाही. “हे पण अंदाजच की. बाईंनी फुली मारली तर?”

मुद्दा बरोबर होता. अर्ध्याला अंदाज लागत नाही, टोकावर टोक आलं की झालं. तीनाला तसं टेकवायला टोक पाहिजे.

ते टोक जपानच्या काझुओ हागा यांनी शोधून ठेवलेलं आहे. हे गृहस्थ मूळचे जीवशास्त्राचे प्राध्यापक. मी ते करून बघितलं तेव्हा संध्याकाळचा कुकर गॅसवर होता आणि तीन शिट्ट्यांच्या जागी सात झाल्या. तुम्हीही करून बघा. २४ सेंटिमीटरचा चौरस घ्या, पेपरचा चालेल. २४ का, ते पुढं कळेल. वरच्या कडेचा मध्य काढा, पण अख्खी घडी घालू नका, कडेला नुसता चिमटा घ्या. आता खालचा उजवा कोपरा उचला आणि त्या चिमट्यावर नेमका टेकवा. कागद तिरका दुमडेल. दाबा. खालची कड आता चिमट्यापासून तिरकी डावीकडं उतरते आणि चौरसाच्या डाव्या कडेला ओलांडून थोडी बाहेर डोकावते. जिथं ती डावी कड ओलांडते, तिथं पेन्सिलनं खूण करा. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ती खूण १६ सेंटिमीटरवर आहे. खाली उरले ८. चोवीसचा तिसरा हिस्सा. अंदाज नाही, जवळपास नाही, नेमका.

मनूनं पट्टी लावली. १६. पट्टी काढली, परत लावली. मग तिनं आपण होऊन बाकीच्या बाजू मोजल्या, कारण पट्टी हातात होती. वर उजवीकडं जो त्रिकोण उघडा राहतो त्याच्या बाजू निघाल्या ९, १२ आणि १५. डावीकडच्या त्रिकोणाच्या १२, १६ आणि २०.

“तिनाचा पाढा आणि चाराचा पाढा,” ती म्हणाली.

तीन, चार, पाच. दोन्ही त्रिकोण तेच, एक लहान आणि एक मोठा. गवंडी पाया आखताना दोरीनं तीन, चार, पाच मोजून काटकोन काढतात, तोच हा. कोपरा कागदाचा असल्यामुळं मुळातच काटकोनी, तो मध्यावर टेकवला की दोन्हीकडं हे त्रिकोण आपोआप उभे राहतात, आणि डावीकडचा त्रिकोण तीनाची खूण दाखवून जातो. मी पंधरा वर्षं बँकेत आकडे बघते. अर्ध्याच्या खुणेतून तिसरा हिस्सा निघतो हे बघून मात्र मी अण्णांना हाक मारली.

अण्णांनी ते बघितलं, घडी उलगडली, परत घातली. “हे आधी माहीत असतं तर पै काढली असती,” म्हणाले.

सममितीचा धडा त्यानंतर आला, आणि त्यानं माझा भ्रमनिरास केला. पुस्तकात सगळी उदाहरणं इंग्रजी अक्षरांची. ए मधोमध दुमडला की जुळतो, एम जुळतो, टी जुळतो. मनूला वर्गाच्या फलकासाठी अक्षरं कापायची होती. कागद दुमडून अर्धं अक्षर कापायचं, उघडलं की अख्खं. तिला ‘कोल्हापूर’ कापायचं होतं. आम्ही एकेक अक्षर तपासलं. क नाही, ल नाही, ह तर नाहीच. बाराखडीत शोधून शोधून सापडला एक ‘ठ’: वर रेघ, मध्ये देठ, खाली गोल. आकड्यांत शून्य. बाकी आपली लिपी घडी घालू देत नाही. उभा दंड जवळजवळ कायम उजवीकडं. मनू जरा हिरमुसली, मग म्हणाली, “पेठेतला ठ हाय की! शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, सगळ्यात.” त्या दिवशी आमच्या घरात अकरा ‘ठ’ कापले गेले. एक अजून फ्रिजवर आहे.

पण दुमडून जुळणारी गोष्ट कागदावरच असली पाहिजे असं कुठं आहे? हे माझ्या मनात आलं ते अंबाबाईमुळं.

देवळाची मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. वर्षातून दोनदा मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात. किरणोत्सव. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ ला आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. या तारखा आम्हाला सणासारख्या पाठ असतात. पण याच दोन का, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

आलेखाच्या कागदाच्या पट्ट्या चिकटवून आम्ही ५१ सेंटिमीटरची एक पट्टी केली. एका दिवसाला अर्धा सेंटिमीटर. १ नोव्हेंबरपासून १० फेब्रुवारीपर्यंत १०२ दिवस बरोबर बसतात. मनूनं किरणोत्सवाचे सहा दिवस पिवळे केले. मग पट्टीचं टोक टोकावर ठेवून घडी घातली, मधून बाहेर, अण्णांच्या पद्धतीनं, आणि पट्टी खिडकीच्या काचेवर उजेडात धरली.

पिवळ्यावर पिवळं आलं. ९ नोव्हेंबरवर २ फेब्रुवारी, १० वर १, ११ वर ३१ जानेवारी.

“घडी कुठं पडली बघ,” मी म्हटलं. २१ आणि २२ डिसेंबरच्या मधोमध.

वर्षातला सगळ्यात लहान दिवस तिथंच असतो. तोपर्यंत सूर्याची मावळायची जागा क्षितिजावर रोज थोडी दक्षिणेला सरकत जाते, तिथं थबकते आणि आल्या वाटेनं परत फिरते. जाताना एकदा ती महाद्वाराच्या रेषेत येते, येताना परत एकदा. ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांनी एकच रेषा धरली. दुसरी तारीख आकाशानं घडी घालून दिली.

आई मागून बघत होती. तिला एक खटकलं. “सूर्य परत फिरतो संक्रांतीला. उत्तरायण तेव्हा.” वाद घालायची सोय नव्हती, म्हणून पट्टी पुढं लांबवली आणि १४ जानेवारीला घडी घातली. १० नोव्हेंबर जाऊन पडला २० मार्चवर. मार्चमध्ये काही किरणोत्सव नसतो, हे आईलाही माहीत. हजारो वर्षांत पृथ्वीचा आस सावकाश फिरल्यामुळं संक्रांत आणि खरं उत्तरायण यांची फारकत होत गेली आहे, वगैरे मी सांगितलं. आईनं ऐकून घेतलं. “बरं. पण तिळगूळ संक्रांतीलाच करणार मी,” म्हणाली आणि आत गेली.

१ फेब्रुवारीला आम्ही तिघं गेलो. गर्दी एवढी की मला पुढच्या माणसाची मान तेवढी दिसली. अण्णांना एका दुकानाच्या पायरीवर बसवलं होतं. मनू माझ्या खांद्यावर चढायच्या वयाची राहिलेली नाही, तरी तिला मी कमरेवर उचललं. ती म्हणाली, दिसलं. काय दिसलं ते सांगितलं नाही. खिशात पट्टी होती, घातलेल्या घडीसकट.

नवी साडी पहिल्यांदा नेसली की ‘घडी मोडली’ म्हणतो आपण. कागदाची घडी मोडत नाही, हे मात्र मला आता दिसतं. उलगडलेल्या कागदावर ती रेघ राहते. इस्त्री फिरवा, जड पुस्तकाखाली ठेवा, उजेडात तिरका धरला की दिसतेच. त्या रेघेवर कागद पुन्हा स्वतःहून वाकतो.

मनू होडी करत नाही. खोका करते, टोपी करते, उडी मारणारा बेडूक करते, पण होडी नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४३. आमच्या खालच्या दोन्ही खोल्यांत पाणी होतं आणि जिन्याच्या खिडकीतून आम्हाला रबरी बोटीत उतरवलं. मनू तेव्हा पाच वर्षांची. त्याच गल्लीत आम्ही लहानपणी पेपरच्या होड्या सोडायचो, कुणाची चौकापर्यंत जाते यावर भांडायचो. तिनं गल्लीत बोट बघितली ती खरी. आम्ही कुणी तिला होडी करायला सांगत नाही.

यंदा जुलैत पाऊस लागला होता. पाणी गटारापर्यंतच होतं, तरी घरात सगळे अधूनमधून दारात जाऊन बघत होते. मी बँकेतून आले तर मनू अण्णांच्या कॉटवर बसलेली, पुढं २४ सेंटिमीटरचा चौरस. चिमटा, कोपरा, तिरकी घडी, खूण. त्या खुणेवरून तिनं सरळ आडव्या दोन घड्या घातल्या, कडा उभ्या केल्या आणि टोकं आत खोचली. लांबट, दोन्ही बाजूंना टोकदार, आत तीन कप्पे. ती होडीच होती, पण मी तसं म्हटलं नाही.

“ह्यात आजोबांच्या गोळ्या,” ती म्हणाली. “सकाळ, दुपार, रात्र.”

अण्णांच्या रात्रीच्या डब्यात अर्धी गोळी असते. डॉक्टरांनी तशीच लिहून दिलीय. मनूनं गोळी हातात घेऊन मधली खाच बघितली आणि नखानं मोडली. एक तुकडा जरासा मोठा निघाला. दोन्ही तळहातावर ठेवून ती बराच वेळ बघत बसली.

“कुठला देऊ?” तिनं विचारलं.

“आज मोठा दे,” अण्णा म्हणाले. “उद्या बारका. हिशोब बरोबर.”